'बिनऑपरेशन' म्हणजे बिनधोक नव्हे!

एसटी स्टँडची भिंत, रिक्षाची पाठ, नाहीतर सकाळी वर्तमानपत्राच्या घडीतून खाली पडणारा गुलाबी कागद. एक जाहिरात या तिन्ही ठिकाणी हटकून दिसते. मूळव्याध, फिशर, भगंदर. ऑपरेशन नाही, भूल नाही, सुट्टी नाही. सकाळी या, दुपारी घरी जा! खाली एक मोबाईल नंबर. पुरुषमंडळी हे वाचून पुढे जातात. बायका मात्र कोणी बघत नाही असं पाहून तो कागद घडी करतात आणि डाळीच्या डब्याखाली सरकवून ठेवतात.

मी काही डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली साधी गृहिणी. पण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी महिला बचत गटांच्या बैठकांना जाता जाता आरोग्याचं थोडंफार काम अंगावर आलं. हिमोग्लोबिनच्या तपासण्या, डॉक्टरांची भाषणं, कुणाला दवाखान्यात सोबत. अशा बैठकीत गुडघेदुखीवर बायका भरभरून बोलतात. पाळीच्या तक्रारीही आता मोकळेपणी सांगतात. मूळव्याधीचं नाव मात्र कोणी काढत नाही. बैठक संपते, चहाचे कप गोळा होतात आणि मग कोणीतरी हळूच कोपऱ्यात घेऊन सांगतं, "ताई, बसायच्या जागंला तरास हाय. रगत जातंय. कुनाला सांगायचं वो?"

अशीच एक वहिनी मागे माझ्याकडे आली होती. वय चाळिशीच्या आतलं. हातात तोच गुलाबी कागद. "रबर बँड लावत्यात म्हणं. दहा मिनटाचं काम. उद्या जाऊ का?" मी सहज विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? तर म्हणाली, "त्ये हृदयाचं हाय की, रोजची गोळी." या वहिनीच्या हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी बदललेली. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने ती खराब झाली होती. अशी धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. कागदावरच्या नंबरवर तिने फोन केला होता. पलीकडच्या माणसाने पैसे किती आणि यायचं कधी एवढंच सांगितलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही.

मैत्रिणींनो, आजचा लेख या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. बिनऑपरेशनचे उपचार वाईट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. योग्य माणसाला, योग्य हातून झाले तर ते फार चांगले आहेत. पण ते सगळ्यांसाठी नाहीत. कोणी त्यांच्यापासून लांब राहायचं, कोणी थांबायचं, हे जाहिरातीत छापत नाहीत. म्हणून ते आपणच माहीत करून घेतलेलं बरं.

आधी हे उपचार म्हणजे काय ते पाहू

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कुंथून कुंथून, बद्धकोष्ठाने, बाळंतपणाच्या भाराने त्या फुगतात, खाली सरकतात. त्यालाच आपण कोंब किंवा मोड म्हणतो. डॉक्टर त्यांच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत नुसतं रक्त जातं, कोंब बाहेर येत नाही. दुसरीत तो शौचाच्या वेळी बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीत बाहेरच राहतो.

दवाखान्यात बिनऑपरेशनचे म्हणून जे उपचार करतात ते मुख्यतः तीन. पहिला रबर बँडचा. कोंबाच्या मुळाशी छोटंसं रबरी कडं चढवतात. त्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो सुकतो आणि साधारण आठवडाभरात गळून पडतो. आतल्या त्या भागाला दुखण्याची जाणीव देणाऱ्या नसा नसतात, म्हणून भूल लागत नाही. दुसरा इंजेक्शनचा. कोंबाच्या मुळाशी औषध टोचून तो आकसवतात. तिसरा इन्फ्रारेड किरणांच्या शेकाचा. इंजेक्शन आणि शेक हे पहिल्या-दुसऱ्या पायरीसाठी, तर रबर बँड तिसरीपर्यंतही चालतो. चौथ्या पायरीला बहुधा ऑपरेशनच लागतं. तिथे बँडचा हट्ट धरणं म्हणजे पैसे घालवून त्रास विकत घेणं.

लेझरलाही जाहिरातीत सर्रास बिनऑपरेशन म्हणतात. पण त्यात भूल देऊन कोंबात लेझरची तार घालतात. त्याला ऑपरेशन नाही तर काय म्हणायचं? आयुर्वेदाचं म्हणाल, तर सुश्रुताने मूळव्याधीला, म्हणजे अर्शाला, आठ महाकठीण रोगांत बसवलं आहे आणि औषध, क्षार, अग्नी, शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. कोणत्या रोग्याला कोणता, याचा विचार त्यानेही केलाच आहे. सरसकट सगळ्यांना एकच, असं तिथेही नाही.

रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर

आमच्या वहिनीचा प्रश्न हाच होता. वॉरफेरिन, असिनोकुमारॉल, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन, शिवाय अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगॅट्रान अशी नवी नावं. हृदयाची झडप, स्टेंट, अर्धांगवायूचा झटका, पायातली रक्ताची गुठळी यासाठी ही औषधं देतात. बँड लावला त्या दिवशी काहीच होत नाही. खरी अडचण नंतर येते. आठवड्याने कोंब गळून पडतो, तिथे एक छोटी जखम राहते. धडधाकट माणसाचंही थोडं रक्त तेव्हा जातं. गोळी चालू असणाऱ्याचं मात्र थांबता थांबत नाही. आणि तोवर कॅम्पवाले दुसऱ्या गावाला गेलेले असतात!

"मग चार दिवस गोळी बंद ठेवते की," असं पुष्कळ जणी म्हणतात. बायांनो, हे तर मुळीच करू नका. गोळी परस्पर बंद केली तर झडपेवर गुठळी धरू शकते, स्टेंट बंद पडू शकतो. मूळव्याधीपायी जिवावर बेतायचं. गोळी थांबवायची की नाही, किती दिवस, की हा उपचारच नको, हे हृदयाचे डॉक्टर आणि मूळव्याधीचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं असतं.

वहिनी कॅम्पला गेली नाही. आपली फाईल घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली. रक्त किती पातळ आहे याची तपासणी झाली, तर ते हवं त्याहून जास्तच पातळ निघालं. गोळीचं प्रमाण बदललं. शौचाला मऊ होण्याचं औषध, इसबगोल, जेवणात बदल एवढ्यावर तिचं रक्त जाणं थांबलं. बँड लागलाच नाही.

ज्यांचं रक्त जन्मतःच नीट गोठत नाही, ज्यांच्या प्लेटलेट कमी आहेत, त्यांनाही हेच लागू. दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, वयात आल्यापासून पाळीत अतोनात जातं, जरा लागलं की काळंनिळं होतं, असं असेल तर उपचाराआधी ते आवर्जून सांगा.

यकृताचा जुना आजार

यकृत खराब झालं की त्याच्याकडे जाणाऱ्या रक्ताची वाट तुंबते आणि पोटातल्या, गुदाशयातल्या शिरा फुगतात. वरवर पाहता त्या मूळव्याधीसारख्याच दिसतात. पण त्या कोंब नव्हेत. त्यांच्यावर बँड लावला किंवा इंजेक्शन दिलं तर रक्ताची धार लागू शकते. कावीळ वारंवार झाली असेल, पोटात पाणी झालं असेल, हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, तर ते आधी सांगायला हवं. घरातल्या पुरुषाला दारूचं व्यसन असेल तर त्याच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवा. तो स्वतः डॉक्टरांना सांगेलच असं नाही, ते आपल्याच गळ्यात येतं.

ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे

कॅन्सरची केमोथेरपी चालू आहे, किडनी बदललेली आहे, स्टेरॉइड बरेच दिवस चालू आहेत, एचआयव्हीमुळे शक्ती घटली आहे, साखर फार वाढलेली आणि ताब्यात नाही, अशांना या छोट्या जखमेतून मोठा जंतुसंसर्ग होऊ शकतो. असं फार क्वचित होतं, पण झालं तर जिवाशी गाठ असते. साखर असणाऱ्या प्रत्येकीला बंदी आहे असं नाही. आधी साखर ताब्यात आणा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत, आपलंच भलं बघत आहेत.

गरोदर आणि बाळंतीण

गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, मूळव्याध डोकं वर काढतेच. पोटाचा भार, संप्रेरकांमुळे सुस्तावलेली आतडी, त्यात लोहाच्या गोळ्यांनी होणारं बद्धकोष्ठ. पण बहुतेकींचा हा त्रास बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. म्हणून या काळात बँड, इंजेक्शन यांच्या मागे सहसा लागत नाहीत. चोथ्याचं अन्न, भरपूर पाणी, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसणं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम यावर भागवतात. बद्धकोष्ठ होतं म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. गोळी बदलून मागा.

आतड्याचा आजार, गर्भाशयाच्या कॅन्सरचे शेक

आतड्याला सूज आणणारे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे आजार, आतड्याचा क्षयरोग, यांत तिथली जखम लवकर भरत नाही, चिघळते. आणखी एक गोष्ट खास बायकांसाठी. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात, ते घेतलं असेल तर काही महिन्यांनी, काही वर्षांनीसुद्धा शौचावाटे रक्त जाऊ शकतं. ती मूळव्याध नसते, शेकाने नाजूक झालेल्या आतड्याचं ते रक्त असतं. तिथे बँड किंवा इंजेक्शन म्हणजे न भरणारी जखम. तेव्हा "दहा वर्षांपूर्वी शेक घेतले होते, आता काय त्याचं," असं म्हणून ते लपवू नका.

दुखत असेल तर आधी निदान

आपल्याकडे बसायच्या जागेच्या झाडून साऱ्या दुखण्यांना मूळव्याधच म्हणतात. पण आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. शौचाला बसताना सुरीने कापल्यासारखं होत असेल तर ती बहुधा चीर, म्हणजे फिशर. ठणका, ताप, सूज असेल तर गळू. पू येत असेल तर भगंदर. या तिन्हींवर बँड हा उपाय नव्हे. बाहेरच्या बाजूला एकाएकी झालेली निळसर, दुखरी गाठ असेल तर तिलाही बँड लावत नाहीत, कारण तिथल्या कातडीला दुखण्याच्या नसा भरपूर आहेत. लावला तर बाई कळवळून उठेल.

रबराची अॅलर्जी ही वरवर किरकोळ वाटणारी बाब. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्याने ओठ-हात सुजत असतील, पुरळ येत असेल, तर सांगा. लेटेक्स नसलेले बँडही मिळतात. मूळव्याधीचं एक इंजेक्शन बदामाच्या तेलात बनवतात. बदाम किंवा इतर सुकामेवा सोसत नसेल तर तेही सांगायला हवं.

रक्त गेलं की मूळव्याधच, असं नाही

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या एका गटातल्या काकूंचं वर्षभर रक्त जात होतं. घरच्यांनी मूळव्याध म्हणून काढे दिले, एका ठिकाणी इंजेक्शनही देऊन आणलं. वजन उतरत होतं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, पोट साफ झालंच नाही असं सारखं वाटायचं. शेवटी पुण्याला तपासलं तर गुदाशयात कॅन्सरची गाठ. ऑपरेशन झालं, आता पोटावर पिशवी आहे. काकू आहेत, नातवंडांत रमतात. पण ते एक वर्ष वाया गेलं ते गेलंच.

तेव्हा चाळिशी-पंचेचाळिशी उलटली असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल, काळपट किंवा शौचात मिसळलेलं रक्त असेल, घराण्यात आतड्याचा कॅन्सर असेल, तर दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाल्याशिवाय कुठलाच बँड, कुठलंच इंजेक्शन नको. रक्त कमी असेल तेव्हाही "मूळव्याधीनेच झालं असेल" असं म्हणून सोडून देऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. इतकं सर्रास आहे, म्हणूनच आपण त्याचं कारण शोधत नाही.

मग आपण काय करायचं?

पहिलं, तपासणीला घाबरू नका. कुशीवर झोपवतात, अंगावर चादर असते, बोटाने आणि छोट्या नळीने बघतात. पाच मिनिटांत होतं. लेडी डॉक्टर हवी म्हणून सांगा, नसेल तर नर्सला जवळ थांबायला सांगा. तो आपला हक्कच आहे. न तपासता कोणी उपचाराची तारीख देत असेल तर तिथून सरळ उठून या.

दुसरं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून बरोबर न्या. नावं पाठ नसली तरी चालतं. आधीची ऑपरेशनं, गरोदरपण, अॅलर्जी, शेक, सगळं सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

तिसरं, आधी साधे उपाय करून बघा. चोथा घेतल्याने मूळव्याधीचं रक्त जाण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो, असं 2005 मध्ये कॉक्रेन या संस्थेने काढलेल्या आढाव्यात दिसलं. चोथा म्हणजे काही महागडी गोष्ट नव्हे. न चाळलेल्या पिठाची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, पेरू, रात्री इसबगोल आणि त्याबरोबर पुरेसं पाणी. पण घरात वाढून झाल्यावर भाजी बाईच्या वाट्याला किती उरते? संडासला जायची सोय नाही म्हणून प्रवासात, लग्नकार्यात ती पाणी पीत नाही. शेतावर असली तर कळ दाबून ठेवते. मूळव्याधीची मुळं इथेच आहेत, आणि त्यावर कुठल्याच कागदावरचा नंबर चालत नाही.

चौथं, बँड लावलाच तर पुढचे दोन आठवडे लांबच्या प्रवासाला जाऊ नका. एक-दोन दिवस जडपणा, थोडं दुखणं हे असतं. पण दुखणं वाढत चाललं, ताप आला, लघवीला होईना, किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर उद्यावर टाकू नका. रात्र असली तरी मोठा दवाखाना गाठा. ताप, वाढतं दुखणं आणि लघवी अडणं हे तिन्ही एकत्र आले तर आत जंतुसंसर्ग पसरत असल्याची ती खूण असू शकते.

खरं सांगू का? ज्या बाईने सगळं सांगायला हवं तीच बाई लाजेपायी अशी जागा शोधते, जिथे कोणी काही विचारत नाही. तिथे नाव विचारत नाहीत, फाईल बघत नाहीत, झटपट मोकळं करतात. म्हणून तर तिला ती जागा सोयीची वाटते! पण जो दवाखाना दहा प्रश्न विचारतो, "तुम्हाला हा उपचार नको" असं तोंडावर सांगतो, तोच आपला. डाळीच्या डब्याखालचा कागद आज बाहेर काढा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या गोळ्यांची नावं, जुने आजार लिहा आणि जाताना तो कागद बरोबर न्या. त्याचा एवढा उपयोग नक्की होईल.